‘बाद’ लिहिलेली कॉइल

मी एक जुनी कूलिंग कॉइल आहे. मोटारगाडीच्या एसीतली. कूलिंग कॉइल म्हणजे काय, हे तुमच्यातल्या शंभरात नव्वद जणांना ठाऊक नसणार. मित्रांनो, तुम्ही जन्मभर माझा गार वारा खाता आणि कौतुक करता बटणाचं. बटण काय करतं? फिरतं. बाकी सगळं मी करते. याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. गोड बोलणारी वस्तू हवी असेल तर कपाटातल्या बाहुलीची गोष्ट वाचा.

आधी माझं रूप सांगते. कोपरापासून मनगटापर्यंत लांब, तेवढीच उंच आणि चार बोटं जाड. अंग सगळं अ‍ॅल्युमिनियमचं. पोटात चपट्या नळ्यांच्या रांगा आणि नळ्यांच्या मधोमध केसासारख्या पातळ, नागमोडी पत्र्या. त्या पत्र्या मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. आणि माझ्या कडेच्या पट्टीवर, पांढऱ्या रंगाच्या पेनाने, ठळक अक्षरांत एक शब्द लिहिलेला आहे: बाद. तो कोणी लिहिला, तो खरा की खोटा, आणि तो अजून तिथे का आहे, हीच माझी गोष्ट.

माझा जन्म भट्टीत झाला. शेकडो बहिणींबरोबर मी एका सरकत्या पट्ट्यावरून आत गेले, तेव्हा आमचे भाग नुसते तारेने बांधलेले होते. बाहेर आले तेव्हा सगळे एकमेकांत विरघळून एकजीव झाले होते. मग तोंडं बंद करून आमच्या पोटात हवा कोंबली गेली. थोडीथोडकी नाही, टायरमधल्या हवेच्या दहापट दाबाने. ज्या फुसकुल्या होत्या त्या तिथेच बाजूला गेल्या. मी हूं की चूं केलं नाही. रेडिएटर नावाचा माझा एक चुलतभाऊ आहे. तो गाडीच्या तोंडाशी रुबाबात उभा असतो, पण त्याच्या पोटात एवढा दाब भरला तर बिचारा फुग्यासारखा फुटेल. हे मी हिणवायला सांगत नाही. बरं, हिणवायलाच सांगते.

पुढे अकरा वर्षं मी एका लांबलचक गाडीत, डॅशबोर्डच्या मागे, काळ्या प्लास्टिकच्या डब्यात बसून काढली. उजेड नाही. अंगावर सतत पाणी सुटलेलं, केस आणि धूळ येऊन चिकटलेली. त्या गाडीतलं सगळं मी ऐकलं. नवरा-बायकोची भांडणं, मग तासभराचा अबोला, मग “एसी जरा कमी कर” म्हणून झालेली बोलाचालीची सुरुवात. त्यांचा संसार निम्मा तरी माझ्यामुळे टिकला असेल. पण अकरा वर्षांत माझा डबा उघडून एकदाही कोणी आत डोकावलं नाही.

मग एके दिवशी वारा गार येईना. खरं काय झालं होतं, ते मला ठाऊक होतं. माझ्या नळीच्या जोडावर एक रबरी रिंग असते, अंगठीएवढी. ती कडक होऊन चिरली होती आणि गॅस तिथून निसटत होता. मी धडधाकट होते. पण गाडी ज्या एसी मेकॅनिककडे गेली त्याच्या दारात त्या दिवशी सात गाड्या उभ्या होत्या, आणि गाडीवाला डोक्यावर बसला होता: “सगळं नवीन टाका, मला पुन्हा यायला वेळ नाही.” मेकॅनिकने मला उपसून काढलं. हवा भरून पाहायला पाच मिनिटं लागली असती. त्याने ती पाच मिनिटं दिली नाहीत. खिशातलं पांढरं पेन काढलं, माझ्या कडेवर ‘बाद’ लिहिलं आणि मला दुकानामागच्या ढिगावर भिरकावलं.

मित्रांनो, न तपासता दिलेला निकाल हा निकाल नसतो, शिवी असते. दोन वर्षं मी ती शिवी अंगावर घेऊन ढिगात पडून होते. वर फुटके कंप्रेसर, खाली चेपलेले पाइप, आणि एका पालीने माझ्यात संसार थाटलेला.

मग तो आला.

त्याला सगळे टर्नर म्हणत. कारखान्यात पस्तीस वर्षं लेथ मशीन चालवून निवृत्त झालेला माणूस. बोटं जाड, बोलणं कमी. मेकॅनिकच्या थोरल्या बहिणीचा तो नवरा. त्याला एकच वेड होतं: नऊ वर्षं खपून त्याने घरात विमान बांधलं होतं. खरं विमान, एका माणसाचं. धड बांधलं बैठकीच्या खोलीत, आणि बाहेर काढताना लक्षात आलं की ते दारातून जात नाही. तेव्हा खिडकी चौकटीसकट काढावी लागली. विमानाचे पंख झोपायच्या खोलीत छताला टांगलेले होते.

“नऊ वर्षं पंखांखाली झोपले,” त्याची बायको सगळ्यांना सांगे, “पण वाऱ्याची झुळूक म्हणून लागली नाही कधी.”

ती हॉस्पिटलात नर्स होती. तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलेली. विमानतळावर तिला सगळे सिस्टर म्हणत. विमानतळ म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. गवताची धावपट्टी, चार पत्र्याच्या शेड आणि एक फ्लाइंग क्लब. विमानाचं नाक, म्हणजे इंजिनावरचं फायबरचं कवच, ते सिस्टरने बनवलं होतं. मोडलेल्या पायाला प्लास्टर घालतात तसं, कापडाच्या पट्ट्या राळेत बुडवून, एकावर एक बसवत. नवऱ्याने केलेलं पहिलं नाक फुगे येऊन फुटलं तेव्हा ती म्हणाली होती, “सरका. हे काम माझं आहे.” ते नाक असं गुळगुळीत आणि निमुळतं झालं की लोक येता-जाता त्यावरून हात फिरवायचे.

अडचण त्या नाकातच होती. आत बसवलं होतं एका छोट्या मोटारीचं इंजिन. ते थंड राहतं फिरत्या पाण्यावर, आणि ते पाणी गार करायला रेडिएटर लागतो. पण माझा चुलतभाऊ पडला आडवातिडवा, रुंद आणि पातळ. सिस्टरच्या निमुळत्या नाकात तो काही मावेना. टर्नरला हवं होतं काहीतरी लहान, जाड, हलकं आणि दाबाला न डरणारं.

मेहुण्याच्या दुकानामागे तो ढीग उपसत बसला होता. मला हातात घेतलं, टेप लावली, उजेडाकडे धरून माझ्या पत्र्यांतून आरपार पाहिलं.

“अरे मेहुण्या, ही काय आहे?”

“ती कूलिंग कॉइल, भाऊजी. एसीची. तिचं काय करता? बाद आहे ती.”

“कशावरून?”

“लिहिलंय की तिच्यावर.”

“लिहिलं कोणी?”

मेकॅनिकने डोकं खाजवलं. “मीच.”

टर्नर मला घेऊन उठला. माझी तोंडं बंद करून त्याने हवा भरायला लावली आणि मला पाण्याच्या टबात बुडवलं. दोघे वाकून बघत राहिले. एक बुडबुडा आला नाही. एक मिनिट झालं, पाच झाली. शेवटी एक पाल तेवढी टबाच्या काठावरून पळाली.

“दोन वर्षं ही इथे पडून आहे?” टर्नरने विचारलं.

“घाईत होतो हो तेव्हा.”

“हं,” टर्नर म्हणाला. त्या माणसाच्या एका ‘हं’मध्ये पानभर शिव्या मावत.

पुढचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात अभिमानाचे. गॅस माझ्या पोटात यायच्या-जायच्या दोन मूळ नळ्या करंगळीएवढ्या होत्या. इंजिनाचं पाणी त्यातून वाहणं म्हणजे शाळेच्या सगळ्या वर्गांनी एकाच खिडकीतून बाहेर पडणं. टर्नरने त्या कापल्या. लेथवर अ‍ॅल्युमिनियमचा दांडा लावून अंगठ्याहून रुंद अशी दोन नवी तोंडं तासली, आरशासारखी. गॅस माझ्या पोटात चार वेळा वळसे घालून फिरावा म्हणून आत आडव्या भिंती होत्या. पाण्याला सरळ वाट हवी म्हणून त्या त्याने लांब ड्रिल घालून, श्वास रोखून, एकेक करून फोडल्या. एक बोट इकडेतिकडे झालं असतं तर माझं पोट फाटलं असतं. झालं नाही. मग मेकॅनिकने अर्गॉन वेल्डिंगने ती तोंडं मला जोडली. लिहिण्यात तो घाई करो, वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे मी मान्य करते.

मग मला विमानाच्या नाकात, पंख्याच्या मागे एका बाजूला, उभं बसवलं. पुढे एक लहान झरोका, तिथून माझ्यापर्यंत पसरत येणारी वाट, आणि मागे हवा जायला फट. ढिगातून थेट विमानाच्या नाकावर! एसीच्या किती कॉइलींच्या नशिबी हे असतं?

आणि पहिल्याच चाचणीत मी नापास झाले.

विमान शेडबाहेर आणलं, चाकांना ठोकळे लावले, शेपूट दोराने बांधली आणि इंजिन पूर्ण जोरात सोडलं. तापमानाचा काटा नव्वदवर गेला, शंभरवर गेला, चौथ्या मिनिटाला एकशे दहा ओलांडून पुढे. झाकणातून वाफ. इंजिन बंद.

दोघांनी माझ्या कडेच्या फटी शोधल्या. हवा मला चुकवून बाजूने पळते आहे, असं टर्नरचं मत होतं आणि ते थोडं खरं होतं. त्यांनी फोम कापून चारी बाजूंनी फटी बुजवल्या. दुसरी चाचणी क्लबच्या सेक्रेटरीसमोर झाली. हा गृहस्थ घड्याळ आणि फाइल यांच्याशिवाय शेडबाहेर पाऊल टाकत नसे. साडेपाच मिनिटांत पुन्हा वाफ.

“हे असं चालायचं नाही,” सेक्रेटरी म्हणाला. “नियम दहा मिनिटांचा आहे. पूर्ण जोरात दहा मिनिटं. क्लबचं नवीन विमान येतंय, त्याला शेड हवी. रविवारी शेवटची चाचणी देतो तुम्हाला. नाही जमलं तर जागा रिकामी करा.”

“आणि विमान कुठे नेऊ?” टर्नरने विचारलं.

“आणलंत तिथेच.”

“खिडकी परत बसवली आहे आम्ही,” सिस्टर म्हणाली. कोणी हसलं नाही.

क्लबच्या कॅप्टनबाई तिथेच उभ्या होत्या. मोठी प्रवासी विमानं चालवून निवृत्त झालेल्या, पिकल्या केसांच्या, तोंडाने फटकळ. पहिलं उड्डाण त्या करणार होत्या. “काका,” त्या टर्नरला म्हणाल्या, “तुमचं विमान मी उडवीन. पण उकळतं भांडं उडवणार नाही. आधी विस्तव आटोक्यात आणा.”

शेडभोवती जमलेल्या शहाण्यांना तर ऊत आला. “एसीची कॉइल! ती काय इंजिन थंड करणार!” “भंगार लावलं की भंगारच होणार.” यातल्या एकानेही मला आधी पाहिलंसुद्धा नव्हतं. मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं. माझ्यात खोट नव्हती. माझ्या वरच्या पुढच्या कोपऱ्यात हवा अडकून बसली होती. एक मोठा, आळशी बुडबुडा. माझा वरचा तिसरा हिस्सा कोरडा होता, तिथे पाणी पोहोचतच नव्हतं. दोन तृतीयांश अंगाने मी अख्खं इंजिन सांभाळत होते आणि वर शिव्या खात होते. पण कॉइलला तोंडं असतात ती पाण्यासाठी, बोलण्यासाठी नव्हेत.

चूक साधी होती. गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हातूनच ती होऊ शकते. पाणी भरलं होतं मेकॅनिकने, मोटारीत भरतात तसं, काठोकाठ. मोटार सपाट उभी असते. पण आमचं विमान शेपटीखाली चाक असलेलं. जमिनीवर ते नाक वर करून बसतं, कुत्रं धन्याकडे बघत बसतं तसं. पाणी भरायचं तोंड मागे, आणि मी सगळ्यात पुढे, सगळ्यात उंच. विमान हवेत सपाट झालं की ते तोंड सगळ्यात वर येतं, म्हणून टर्नरने ते तिथे ठेवलं होतं. जमिनीवर काय होतं, ते त्याच्याही ध्यानात आलं नाही. तोंड काठोकाठ भरलं तरी माझ्या डोक्यातली हवा बाहेर पडणार कुठून?

शनिवारी सकाळी मेकॅनिक एक भलंमोठं खोकं घेऊन आला. आत माझा चुलतभाऊ, नवाकोरा. बरोबर करवत.

“भाऊजी, हट्ट पुरे. नाक कापू या. हा बाहेर काढून बसवतो. दिसायला वाईट दिसेल, पण उकळणार नाही.”

टर्नर स्टुलावर बसून होता. त्याने नाकाकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिने आठ थर दिले होते त्या नाकाला.

“एकदा शेवटचं चालवून बघू,” तो म्हणाला.

चालवलं. साडेपाच मिनिटं, वाफ, बंद. टर्नरने कवच उतरवून बाकावर ठेवलं. मेकॅनिकने खिशातलं तेच पांढरं पेन काढलं आणि कुठे कापायचं त्याची रेघ त्या गुळगुळीत नाकावर ओढायला सुरुवात केली. मी उघडी पडले होते, तापलेली, आणि ती पांढरी रेघ सरकताना बघत होते.

“थांब रे,” सिस्टर म्हणाली.

“ताई, आता थांबून काय—”

“रेघ मारायची घाई तुला लहानपणापासून. वहीचं पान भरायच्या आधी समास आखून मोकळा व्हायचास. थांब म्हटलं ना.”

ती माझ्यापाशी आली. तोवर या दोघांनी मला मोजलं होतं, कापलं होतं, जोडलं होतं, माझ्यावरून वाद घातले होते. पण मी तापलेली असताना एकानेही मला हात लावला नव्हता. काट्याकडे बघायचे. तिने तापकऱ्याच्या कपाळाला लावतात तसा पालथा हात, क्षणभर, माझ्या खालच्या पट्टीला लावला आणि चटकन काढला. मग मधोमध. मग वर.

वर तिने हात काढलाच नाही.

“अहो,” ती म्हणाली, “हिचे पाय पोळताहेत आणि कपाळ गार आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे वर काही पोचतच नाही. सलाइन लावताना नळीत हवा राहिली की असंच होतं. बाटली भरलेली, नळी भरलेली, आणि मध्ये बुडबुडा बसलाय ठाण मांडून. पुढे थेंब सरकत नाही.”

“ताई, पाणी मी स्वतः भरलंय,” मेकॅनिक म्हणाला. “काठोकाठ. चमचाभर जागा नाही आत.”

“तुझं काठोकाठ मला माहीत आहे.”

“आता काय राहिलं?”

“दूध आणायला पाठवलं की किटली काठोकाठ घेऊन निघायचास.”

“मग?”

“आणि घरी अर्धी आणायचास. वाटेत तिरकी धरायचास ना.”

टर्नर स्टुलावरून उठला. माझ्या वरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. मागे वळून पाणी भरायच्या झाकणाकडे पाहिलं. मग शेपटीकडे. खिशातून दोरी काढली, तिचं एक टोक झाकणापाशी धरलं, दुसरं ताणून माझ्या कोपऱ्यापाशी आणलं आणि त्या दोरीचा चढ बघत उभा राहिला.

“हं,” तो म्हणाला. या खेपेचा ‘हं’ स्वतःसाठी होता.

“नाक वर आहे,” मेकॅनिक हळूच म्हणाला. “गाडी कुठली नाक वर करून उभी राहते हो भाऊजी!” आणि कपाळावर हात मारून तो आपल्या व्हॅनकडे धावत सुटला. खरंच धावत. त्या अंगाच्या माणसाला धावताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

आणि इथे मित्रांनो, माझ्या जुन्या धंद्यानेच मला वाचवलं. एसीवाले लोक गॅस भरण्याआधी ‘व्हॅक्यूम मारतात’. म्हणजे पंप लावून आतली सगळी हवा आधी ओढून काढतात, आणि मगच भरतात. इंजिनाच्या पाण्यासाठी हे कोणी करत नाही. मेकॅनिकने करायचं ठरवलं. तिघांनी मिळून शेपूट उचलून बाकावर ठेवली, विमान सपाट केलं. थोडं पाणी काढलं, झाकणाच्या जागी पंपाची नळी बसवली, पंप सुरू केला. रबरी होज चपटे होऊ लागले.

“फुटतील रे!” टर्नर म्हणाला.

“नाही फुटत. आत ओढले जाताहेत, बाहेर नाही. हे माझं काम आहे भाऊजी, आता तुम्ही सरका.”

माझ्या कोपऱ्यातला तो बुडबुडा ताणला, फाटला आणि निघून गेला. कित्येक दिवसांनी डोक्यावरचं ओझं उतरावं तसं वाटलं. मग त्याने पाण्याच्या डब्याकडची तोटी उघडली आणि पाणी सर्रकन आत धावलं, वर, अगदी वरच्या नळीपर्यंत, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. काढलेलं सगळं पाणी आत गेलं आणि त्यावर मी आणखी मागू लागले.

सिस्टर पेल्याने मोजत होती. “एक पेला जास्त. दोन. हा तिसरा अर्धा. चमचाभर जागा नव्हती ना रे?”

मेकॅनिक मान खाली घालून होजची क्लिप आवळत बसला. आधीच आवळलेली होती.

रविवारी सेक्रेटरी घड्याळ आणि फाइल घेऊन आला. शेडभोवतीचे शहाणेही आले, कारण दुसऱ्याची फजिती बघायला कोणाला बोलवावं लागत नाही. नाक पुन्हा जागेवर होतं. पांढऱ्या रेघेचा एक तुकडा अजून त्यावर दिसत होता.

इंजिन पूर्ण जोरात. काटा ऐंशी. नव्वद. साडेपाच मिनिटं झाली तेव्हा टर्नरने डोळे मिटून घेतले. सिस्टरने त्याच्या मनगटाची नाडी धरली, सवयीने. काटा पंच्याण्णववर येऊन थांबला. सातवं मिनिट, पंच्याण्णव. नववं मिनिट, पंच्याण्णव. मी वरपासून खालपर्यंत, इंच न् इंच, एकसारखी गरम होते. माझ्या प्रत्येक पत्रीतून वारा सपासप जात होता आणि उष्णता उचलून मागे फेकत होता. अकरा वर्षं मी माणसांना गार केलं. आता मी धगधगतं इंजिन गार करत होते, आणि मला त्यात काही जड जात नव्हतं.

“दहा,” सेक्रेटरी म्हणाला. मग घड्याळ कानाला लावून पाहिलं.

“चालू आहे ते,” कॅप्टनबाई म्हणाल्या. “मी पण बघत होते. काका, आणखी पाच मिनिटं चालवा. मला बसायचंय त्यात, यांना नाही.”

पाच मिनिटं चालवलं. पंच्याण्णव.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वारा पडलेला असताना, त्या उडाल्या. धावपट्टीवर शेपूट उचलली गेली, आणि मी पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या जोरावर सपाट झाले. मग गवत खाली गेलं. शेड काडेपेट्यांएवढ्या झाल्या. चढताना काटा एकशे दोनवर गेला आणि मला तेवढी एकदाच धास्ती वाटली. मग विमान सरळ झालं, वारा वाढला आणि काटा नव्वदच्याही खाली उतरला. वर किती गार असतं म्हणून सांगू! डॅशबोर्डमागच्या त्या अंधाऱ्या डब्यात मी सगळ्यांना गारवा दिला, पण मला कोणी कधी दिला नव्हता. तो त्या सकाळी मिळाला.

बावीस मिनिटांनी आम्ही उतरलो. टर्नर जिथे उभा होता तिथेच होता, जागचा हललाही नव्हता. कॅप्टनबाई खाली उतरल्या, नाकाचं झाकण उघडलं आणि सगळ्यांदेखत माझ्यावर पालथा हात ठेवला. खाली, मधोमध, वर.

“सगळीकडे सारखी,” त्या म्हणाल्या. “काका, पुढच्या वेळी तुम्ही बसायचं. मी खाली उभी राहीन.”

टर्नरने बायकोकडे बघून नुसती मान हलवली. “रडा आता,” सिस्टर म्हणाली, “कोणी मोजत नाहीये.”

मेकॅनिक मात्र थिनरची बाटली आणि चिंधी घेऊन माझ्यापाशी आला होता. माझ्या कडेवरचं ‘बाद’ पुसायला. चिंधी लावणार तोच टर्नरने त्याचा हात धरला.

“राहू दे.”

“कशाला भाऊजी? लाज वाटते मला.”

“म्हणूनच राहू दे. पेन तुझ्या खिशात आहे अजून.”

मेकॅनिकने चिंधी खिशात कोंबली. त्याच आठवड्यात टर्नरने एक बारीक नळी बनवली, माझ्या वरच्या कोपऱ्यापासून पाण्याच्या झाकणापर्यंत, म्हणजे हवा पुन्हा कधी अडकलीच तर आपोआप वाट काढेल. ती मेकॅनिकनेच जोडली. वेल्डिंग नेहमीप्रमाणे अप्रतिम.

त्याला आता बरीच वर्षं झाली. टर्नर माझ्यामागे बसून दोनशे साठ तास उडाला आहे. त्यानंतर दुसरी तीन घरगुती विमानं क्लबमध्ये आली, आणि तिन्हींच्या नाकांत माझ्या बहिणी बसल्या आहेत. तेच शहाणे आता नव्या लोकांना सांगतात, “रेडिएटर कशाला, एसीची कॉइल लावा ना, आम्ही तर पहिल्यापासून सांगत होतो.” सांगत होते म्हणे! माझ्या पत्र्या आता जागोजाग वाकल्या आहेत, किडे आणि गवताचं बी अडकून. मध्ये एका नव्या सभासदाने ते स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायला घेतलं, तेव्हा सिस्टर त्याच्यावर अशी ओरडली की तो आठवडाभर शेडकडे फिरकला नाही. ती स्वतः मऊ ब्रश घेते, मागच्या बाजूने पाणी सोडते आणि मला धुते, पेशंटला अंघोळ घालावी तसं.

मित्रांनो, उपदेश मला आवडत नाही, पण एक मागणं मागते, आणि ते विनवणी करून नाही, हक्काने मागते. तुमच्या घरात, दुकानात, वर्गात एखादी वस्तू चालेनाशी झाली तर खुशाल रागवा. पण फेकायच्या आधी तिला धुऊन बघा, उघडून बघा, हात लावून बघा. पाच मिनिटं लागतात. ती द्यायची नसतील तर निदान निकाल लिहू नका.

कधी त्या गवताच्या धावपट्टीकडे आलात तर मला बघायला या. माझ्या कडेवर लिहिलेलं बेलाशक वाचा, मला त्याची लाज नाही. ज्याने लिहिलं तो दर उड्डाणाआधी येतो आणि त्या अक्षरांच्या वर, माझ्या कपाळाला, पालथा हात लावून बघतो.